मदत हवी आहे: बटर न घालता टर्की कशी भाजू?

मंडळी, नाताळला लेक-जावई कॅनडाहून वाशीला येतायत, म्हणून टर्कीचा घाट घातलाय. साडेचार किलोची फ्रोझन मिळाली. दोन दिवस आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायची, आतून ७४ अंश सेल्सिअस झाली की शिजली, एवढं कळलंय. थर्मामीटरही आणलाय.

अडचण वेगळीच. ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, त्यामुळे बटर बाद. गेल्या वर्षी कोंबडी बिनतेलाची भाजली, तर छातीचा भाग अगदी भुसा! सगळे पाणी पीत पीत जेवले. आता दही, आलं-लसूण, लिंबू कातडीखाली चोळून कातडीसकट भाजावी आणि वाढताना कातडी काढावी, असं डोक्यात आहे. जमेल का? मधे झाकायची का? आणि ४० लिटरच्या ओटीजीत तंगड्या मावतील का हो?