घरातला स्टुडिओ, कमी पैशात: तुमचे अनुभव

गावभागकर
भाच्यानं काल यादी पाठवली. "मामा, घरातच स्टुडिओ टाकतोय, जास्तीचं काय वाटतंय ते सांग." दोन सॉफ्टबॉक्स, रिंग लाइट, वर गुंडाळायचा बॅकड्रॉप, एलईडी पॅनेल. बेरीज बघून फोन उलटा ठेवला. पण मग आमची सांगलीतली पुढची खोली डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेला. ऐन उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर तिच्यातून ऊन थेट आत येत नाही, त्यामुळं उजेड तासन् तास सारखाच राहतो. काचेला बटर पेपर चिकटवलेला, समोरून उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा, टेबलावर पांढरी कार्डशीट. कार्डशीटला घडी घालायची नाही, भिंतीवरून टेबलावर नुसती वळवत आणायची, म्हणजे मागं रेघ दिसत नाही. कॅमेरा जुना, लेन्स ५० एमएम एफ १.८.

पहिलं काम तासगावच्या एका बेदाणे व्यापाऱ्याचं, खोक्यावर छापायला फोटो. समोरून उजेड टाकला की बेदाणा नुसता सुरकुतलेला दिसे. आई खिरीला बेदाणे निवडायला ताट घेऊन खिडकीत बसली होती, एकेक दाणा उजेडाकडं धरून काड्या काढत. बघतो तर दाणा आतून हिरवट-सोनेरी! टेबल फिरवलं, उजेड मागून घेतला, पुढून थर्माकोल. व्यापारी खूश.

तुम्ही कशात भागवलंत? लिहा.

चुलीपुढची
मस्त! पण थर्माकोल आता कुठं मिळतं? बंदी आहे ना?

गावभागकर
२०१८ पासून ताटं-वाट्या आणि मखराच्या थर्माकोलवर आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतंच की. नाहीतर फोमबोर्ड घ्या, तो टिकतो पण जास्त.

तंबोरेवाली
आमच्याकडं मिरजेत सासरे तंबोरे करतात. २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून लांबलांबचे लोक फोटो मागवतात, पाठवायचं काम माझ्याकडं. भोपळ्यावर पॉलिश असं की त्यात अख्खी खोली दिसते, वर पंखा आणि मधोमध मी गाऊनमध्ये. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोन स्टँडवर पांढऱ्या चादरी टाकल्या, दोन्हीकडून दिवे चादरीबाहेर, तिसरी चादर पुढं आणि तिला लेन्सपुरतं भोक. चादर नव्या सेटमधली होती हे सासूबाईंना अजून माहीत नाही, इथं कुणी आमच्या गल्लीतलं असेल तर गप्प बसा.

पुलाखालचा
😂 भोक कशानं पाडलं?

तंबोरेवाली
कात्रीनं. काठ शिवून घेतले हो नीट.

शाहूपुरी_सातारा
दिव्यांचं काय घेऊन बसलाय, आमच्याकडं पावसाळ्यात लेन्सलाच बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट, म्हणजे लेन्स कोरडी ठेवायचं कपाट, परवडणारं नव्हतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे, त्याच्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचं. रंग बदलणारं जेल मिळतं, ते बरं, कधी परतायचं ते कळतं. तो तवा परत पोळीला घेऊ नका. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणाऱ्यांनी आजच बाहेर काढा, चामडं ओल धरतं.

फोटोवाले_नाना
पलूसला पासपोर्ट फोटोचं दुकान होतं माझं, म्हणजे घराची पडवीच. ॲडमिशनच्या दिवसांत रांग. ३५ बाय ४५ मिमीचे आठ फोटो चार बाय सहा इंचाच्या कागदावर बसतात. पोरं लवकर उरकतात, म्हातारी माणसं भिंतीला टेकतात. टेकलं की मागं काळी सावली. स्टूल भिंतीपासून चार फूट पुढं हवं, सावली खाली जमिनीवर पडते, फोटोत येत नाही. एक आजोबा प्रत्येक वेळी स्टूल घेऊन मागं सरकायचे. मग स्टूलच फरशीला बसवून टाकलं.

आणि मागं लावायला फ्लेक्स. निवडणूक झाली की फुकट मिळतो, मागची बाजू पांढरी. फक्त मागून दिवा लागता कामा नये, नाहीतर नवरा-नवरीच्या मध्ये साहेब हात जोडून उभे दिसतात.

चुलीपुढची
नाना 🤣🤣 ऑफिसात हसले मोठ्यानं

हळदीचं_पान
हळदीचे फोटो काढणाऱ्यांसाठी: फ्रेम सगळी पिवळी झाली की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपण होऊन रंग जुळवतो ते, पिवळं मारायला बघतो आणि राजापुरी हळद आजारी दिसते. त्याच उजेडात आधी पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या, त्यावर कस्टम सेट करा. खिडकी चालू असेल तर ट्यूबलाइट बंद. दोन जातींचे उजेड मिसळले की अर्धा ढीग हिरवट, अर्धा निळसर, मग बसा एडिट करत.

राजवाड्याजवळ
माझ्या फोटोत आडवे पट्टे येतात, एलईडी बल्ब साधाच आहे. मोबाईल बिघडलाय का?

हळदीचं_पान
बल्ब लुकलुकतो, डोळ्याला दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. मोबाईलमध्ये प्रो मोडात मिळेल.

राजवाड्याजवळ
गेले पट्टे! धन्यवाद ताई की दादा?

हळदीचं_पान
काकू.

पुलाखालचा
आमचं सगळं २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गेलं. कॅमेरा वाचला, मी तो गळ्यात घालून होडीत बसलो. स्टँड, दिवे, पडदे चिखलात. पाणी उतरल्यावर स्टुडिओ बंदच होता, पण लोक ओले अल्बम घेऊन यायचे, लग्नाचे, बारशाचे, पानं एकमेकांना चिकटलेली. सुकल्यावर ओढून काढले की वरचा थर फाटतो. म्हणून पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवायचे, सुटले की एकेक वेगळा करून सुती कापडावर पालथे नाही, उताणे वाळवायचे. मग मोबाईलनं त्याच्या कॉपी. एका मावशींचा यजमानांचा एकच फोटो होता, अर्धा चेहरा गेलेला. तेवढाच मोठा करून दिला. पैसे नाही घेतले कुणाकडून.

तंबोरेवाली
दादा 🙏 आमच्या माहेरचे फोटो २००५ च्या पुरातच गेले, आईबाबांच्या लग्नाचा एकही नाही.

पुलाखालचा
नातेवाइकांकडं विचारा, आहेरात दिलेल्या कॉपी निघतात कपाटांतून. आमच्याकडं तशाच बऱ्याच निघाल्या.

तंबोरेवाली
कऱ्हाडच्या आत्याकडं असेल. आज रात्रीच फोन करते.

शाहूपुरी_सातारा
सांगलीकर, भडंगाचा फोटो कसा काढता? कांदा घातला की मऊ पडतं.

गावभागकर
कांदा शेवटी, सगळं लावून झाल्यावर. आणि भडंग दुप्पट आणा, पोरं निम्मं खातात. तुमच्या कंदी पेढ्याचं सोपं आहे, तो बिचारा बसून राहतो.

शाहूपुरी_सातारा
आमच्या घरात नाही राहत