जलप्रलयाच्या कथा: समुद्र चढला की नदी फुगली?

माईघाट (सांगली)
जुन्या जलप्रलयाच्या कथांमागे हिमयुगानंतर चढलेला समुद्र आहे, हे मत हल्ली सगळीकडे ठासून मांडलं जातं. मला ते पटत नाही. कथा नीट वाचा. शतपथ ब्राह्मणात मासा मनूला सांगतो, नाव झाडाला बांध आणि पाणी उतरेल तसतसा तूही डोंगरावरून खाली उतर. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) गिलगामेश राजाच्या कथेत सहा दिवस सात रात्री वादळ होतं, नाव डोंगराला टेकते, मग जमीन उघडी पडली का हे बघायला पक्षी सोडतात. दोन्हीकडे पाणी ओसरतं.

समुद्र गेल्या २० हजार वर्षांत सुमारे १२० मीटर चढला, तो परत गेलेला नाही. काळ्या समुद्राचंही तेच. भूमध्य समुद्राचं पाणी बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून आत घुसलं आणि काठच्या वस्त्या बुडाल्या, असं रायन आणि पिटमन या भूशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलं. पाणी नेमकं किती चढलं यावर अजून वाद आहे. पण ते सगळं खरं धरलं तरी तिथल्या माणसाचं गाव आजही पाण्याखालीच असणार. त्याने नाव टेकवायची कुठे?

चढतं, मुक्काम ठोकतं आणि ओसरतं ते नदीचं पाणी. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात पाणी उतरल्यावर घराघरांत जो गाळ राहिला तो ज्यांनी खराट्याने ओढलाय त्यांना विचारा. वर पिठासारखा मऊ, खाली चिकट, वाळला की पापुद्रे सुटायचे. पुरातत्त्वज्ञ वूलीला १९२९ मध्ये मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या खोदकामात असाच नदीचा स्वच्छ गाळ लागला, आठ ते अकरा फूट. त्याच्या वरही वस्ती, खालीही वस्ती.

कोयनाखोरे (पाटण)
दादा, ओसरण्याचा मुद्दा समुद्रापुरता बिनतोड आहे. पण नेहमीच्या पुराची कथा कोण हजार वर्षं सांगत बसेल? मेसोपोटेमियातल्या युफ्रेटिस-टायग्रिस नद्यांना दर वसंतात डोंगरातल्या बर्फाचं पाणी यायचं, काठच्या माणसांना ते पाठ होतं. लक्षात राहतं ते आक्रीत. मुठेला पूर काय कमी आले? पण पुण्यात आजही नाव घेऊन सांगतात तो पानशेतचा, १२ जुलै १९६१ चा, धरण फुटलं म्हणून.

अशी धरणं डोंगरात निसर्गही बांधतो. १८९३ मध्ये गढवालात कडा कोसळून बिरहीगंगा अडली. तिथे साठलेला गोहन्याचा तलाव जवळजवळ वर्षभर भरत राहिला, ऑगस्ट १८९४ मध्ये फुटला आणि अलकनंदेकाठचं श्रीनगर उद्ध्वस्त झालं. तरी बहुतेक माणसं वाचली, कारण तलाव चढताना दिसत होता आणि खालच्या गावांना आधीच इशारा पोचला होता. आता मनूची कथा आठवा. पूर येणार हे आधीच कळलेलं, तयारीला अवधी, आणि उत्तरेचा डोंगर! चीनमध्येही पीत नदीवर जिशी घळीत भूकंपाने दरड कोसळून नदी अडली आणि इ.स.पू. १९२० च्या सुमारास तो बांध फुटला, असा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. चिनी दंतकथेतल्या यू राजाच्या महापुराशी तो पूर जोडला गेला. आम्ही १९६७ चा भूकंप झेललेल्या खोऱ्यातली माणसं. जमीन हलली की आधी धरणाची आठवण होते, ही भीती आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही.

मिरजेचा वाचक
यूच्या कथेत होडी नाहीच. तो वर्षानुवर्षं चर खणून पाणी काढून देतो. त्या शोधनिबंधावर आधीच बरेच आक्षेप आलेत, त्याला पुरावा म्हणून पुढे करू नये.

वाईकरीण
समुद्राला इतक्या लवकर बाद करू नका. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कथा नन आणि रीड या अभ्यासकांनी तपासल्या, किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या. ‘हे बेट पूर्वी चालत गाठता यायचं’ अशा त्या कथा. ती जमीन बुडून सात हजार वर्षं उलटली, तरी आठवण टिकली. शिवाय पर्शियन आखात हिमयुगात कोरडं होतं. इतक्या सपाट तळावर पाणी बोटभर वर आलं तरी किनारा लांबवर आत सरकतो. तिथून उठलेली माणसं वर सुमेरकडे, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाकडे सरकली नसतील कशावरून?

माईघाट (सांगली)
ताई, या कथा माझ्याच बाजूने बोलतात. समुद्राची खरी आठवण कशी असते ते त्यात दिसतं: जमीन गेली, ती गेलीच. ना नाव डोंगराला टेकते, ना पाणी उतरतं.

आणि पाटणकर, नेहमीचा पूर वेगळा आणि महापूर वेगळा. आमच्या गल्लीत भिंतीवर २००५ ची खूण आहे, ‘याच्या वर पाणी येत नाही’ असं सगळे धरून चालले होते. २०१९ ला ती खूण पाण्याखाली गेली. धरण फुटलं नव्हतं. मेसोपोटेमियात उर, किश, शुरुप्पाक अशा शहरांत पुराच्या गाळाचे थर सापडले, पण ते एका काळाचे नाहीत. प्रत्येक गावाचा महापूर वेगळा. गिलगामेशला प्रलयाची कथा सांगणारा, त्यातून वाचलेला म्हातारा शुरुप्पाकचाच, नदीकाठचा.

वाईकरीण
तो तिथला, मान्य. पण ऋग्वेदात मनू आहे, प्रलय नाही. तो येतो शतपथ ब्राह्मणात, पुष्कळ नंतर. म्हणजे कथा पश्चिमेकडून, मेसोपोटेमियातून आली असण्याची शक्यता धरली, तर गोहन्याचा दाखला मनूला लावता येणार नाही.

कोयनाखोरे (पाटण)
कथा आली असेलही. पण ‘पाणी उतरेल तसा खाली उतर’ हे सपाट मुलखातल्या माणसाला सुचणारं नाही. ज्याने दरीतलं पाणी काठाकाठाने खाली जाताना पाहिलंय त्यानेच ते घातलंय.