घरचा ग्रुप : भाऊबीजेनंतर चढायचं कुठं?

सोनू (पुणे): सगळ्यांना नमस्कार. भाऊबीजेनंतरच्या रविवारी आपण सगळेच गावात आहोत. यंदा डोंगर चढायचाच. माझा प्लॅन असा: शनिवारी चिखलदरा, गाविलगड पाहून वैराट, तिथून जंगलातून पायी सेमाडोहकडे उतरायचं. एक रात्र तंबूत. तंबू आणि पाठीवरच्या मोठ्या सॅक मी आणतो.

छोटू: मी येणार!!

काकू: तंबूत? एवढ्या थंडीत? लेकरायले घेऊन?

मोठे बाबा: सोनू, हौस चांगली हाय बेटा. पण वैराट ते सेमाडोह पायी जायचं डोक्यातून काढून टाक. ती वाट मेळघाटातून जाते, अन् मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. वैराट गावसुद्धा तिथून उठवून बाहेर वसवलं, जनावरायले मोकळीक पायजे म्हणून. तिथं आपण तंबू ठोकायचा? 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. अन् कायदा बाजूले ठेव. वाघ माणसाची चाहूल लागली की सहसा बाजूले होते. अस्वलाचं तसं नाही. झुडपामागून एकदम समोरासमोर आलं तं ते पळत नाही, अंगावर येते. माझी सारी नोकरी वनखात्यात गेली, हे मी ऐकीव सांगत नाही.

सोनू (पुणे): बाबा, पण मोबाईलच्या नकाशावर वाट दिसते. कुणीतरी चालून रेकॉर्ड केलेली आहे.

मोठे बाबा: कोणीतरी चालला, एवढंच त्या रेघेवरून समजते. कोणत्या महिन्यात चालला, परवानगी होती का, नाल्याले पाणी किती होतं, संगं लेकरं होती का, यातलं काही समजते का?

परतवाड्याचे मामाजी: बरोबर. मग गाविलगडच करा. आमच्याकडून घाट चढला की चिखलदरा. मुक्कामाले मी हायच.

नागपूरची ताई: मामाजी, गाविलगड आईला जमेल का? तिचा गुडघा चढताना नाही, उतरताना दुखतो.

परतवाड्याचे मामाजी: चिखलदऱ्याकडून गेली तं जमते. पठार अन् किल्ला जवळपास एकाच उंचीवर हाय, मधात खिंड. दक्षिणेकडून, म्हणजे खालच्या वऱ्हाडाकडून पाहशील तं नुसता कडा. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजायनं गाविलगड घेतला तवाची गोष्ट हाय. त्यायच्या सेनापती वेलस्लीनं दक्षिणेकडून चढाईचा देखावा केला, पण खरा मारा त्यायच्याच स्टीव्हन्सनच्या फौजेनं उत्तरेकडून केला. त्यासाठी त्यायनं डोंगरातून रस्ता काढत लांबचा वळसा घातला, जड तोफा ओढत नेल्या. जवळची वाट समोर दिसत होती तरी लांबची धरली, कारण जवळच्या वाटेनं तोफ चढत नव्हती.

सोनू (पुणे): हे माहीत नव्हतं. भारी आहे.

काकू: चिखलदऱ्याले दिवाळीच्या सुट्टीत गर्दी किती असते! घाटात गाड्यायची लाईन लागते. लेकरायले गाडी लागते ते वेगळंच.

मोठे बाबा: काकूचं म्हणणं खरं हाय. माझं मत नरनाळा. अकोटवरून पायथ्याचं शहानूर गाव जवळ, सकाळी निघून संध्याकाळी घरी. किल्लाही असा तसा नाही. जाफराबाद, नरनाळा अन् तेलियागड असे तीन मिळून एक. महाकाली दरवाजा 1487 चा, त्याच्या दगडात कोरलेली अक्षरं पाहून सोनूसारखा पोट्टाही गप्प उभा राहील. वर शक्कर तलाव हाय, नऊगजी तोफ हाय. पण नरनाळाही अभयारण्यच. शहानूरच्या गेटवर नोंद करून, ते सांगतील त्याच रस्त्यानं.

सोनू (पुणे): मान्य. मग वेळेचं गणित मी करतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक नियम दिला: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. नरनाळा समुद्रसपाटीपासून साधारण 930 मीटर. समजा 6 किलोमीटरची वाट आणि 500 मीटर चढ धरला, तर सव्वा तास चालायचा आणि पाऊण-एक तास चढाचा. दोन तासांत वर.

मोठे बाबा: हा नियम कोणासाठी?

सोनू (पुणे): धडधाकट माणसासाठी, न थांबता.

मोठे बाबा: आपल्यात ताईची आई हाय, काकू हाय, दोन लेकरं हाय. दोनचे चार तास धर. वर फिराले दोन. उतराले तीन, कारण गुडघा उतरतानी दुखते. झाले नऊ. सकाळी सातले गेटवरून सुटलो तं चारले खाली. दिवस सहाच्या आत बुडते, अन् डोंगराच्या पूर्वेकडच्या घळीत त्याच्याही आधी अंधारते. म्हणून आतापासूनच ठरवून ठेवा: एक वाजला की जिथं असू तिथून माघारी फिरायचं. तोफ राहिली तं राहिली. लोकं चढाचाच हिशेब करतात, उतराचा कोणी करत नाही.

आजी (काकूच्या फोनवरून): मी सांगते तसं काकू लिहून रायली. आमी नागद्वारले जात होतो पचमढीले, नागपंचमीच्या आधी. ते जंगल तेवढेच दिवस उघडते. पाऊस, चिखल, दगड, अन् वर हर बोला हर हर महादेव. रस्ता कसा ठरे? सगळ्यात म्हातारी बाई पुढं चाले. ती बसली की सगळे बसत. जवान पोट्टे मागं, कारण मागं राह्यलेल्याले उचलून आणाले जवानच लागते. कोणी पुढं पळालं तं भगत रागे भरे. वाटेत मंडळायचे भंडारे असत, म्हणून पोटाचा घोर नव्हता. तुमच्या किल्ल्यावर भंडारा नाही, भाकरी बांधून न्या.

नागपूरची ताई: आजी, हे फार मोलाचं आहे. आईला पुढे ठेवू.

छोटू: मग मी मागे?

मोठे बाबा: तू सोनूच्या नजरेसमोर.

नागपूरची ताई: आम्ही रोज अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात फिरतो, कधी सेमिनरी हिल्सवर. तेवढा सराव पुरेल का?

सोनू (पुणे): ताई, सपाटीवर दम वाढतो, पण मांडीला उताराची सवय होत नाही. सेमिनरी हिल्सचा चढ-उतारच दोनतीनदा कर, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन. जमलं तर एक दिवस रामटेकला गडाच्या पायऱ्या चढ-उतर कर, आईलाही ने. तिथं गुडघा कितपत साथ देतो ते कळेल. तिथंच दुखला तर मामीला, म्हणजे तुझ्या आईला, नरनाळ्यावर गाडीनं नेऊ, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे.

काकू: हे बरं सुचवलं.

मोठे बाबा: आता या दिवसातल्या चार गोष्टी, ज्या इंटरनेटवर सापडणार नाहीत. कुसळं वाळली हायत, सुती मोज्यात घुसतात अन् दिवसभर टोचतात. फुलपँट घाला, बर्मुडा नको. खाजकुयलीच्या शेंगा वाळाले लागल्या की नुसत्या वाऱ्यानंही कूस उडते. वेलावर तपकिरी लव असलेली शेंग दिसली की लेकरायले दूर ठेवा. कड्यावर अन् दरवाज्याच्या कमानीत आग्यामोहोळ असते. तिथं अत्तर नको, बिडी-काडी नको, आरोळ्या नको, ड्रोन तं नकोच. मोहोळ उठलं तं किल्ल्यावर पळाले जागा नसते. अन् बुरुजाच्या काठावर सेल्फी नको. जुन्या भिंतीचा वरचा दगड सुटा असू शकते.

परतवाड्याचे मामाजी: पाणी?

मोठे बाबा: माणशी तीन लिटर. तलावाचं पाणी डोळ्यानं पाहाचं, प्याचं नाही.

काकू: तीन लिटर म्हणजे तीन किलो. पोरायच्या पाठीवर कसं देणार?

सोनू (पुणे): लहानांचं पाणी मी आणि छोटू वाटून घेतो. जड वस्तू सॅकमध्ये पाठीला चिकटून ठेवल्या की ओझं मागं खेचत नाही. तंबू घरी ठेवतो, तेवढी जागा मोकळी.

छोटू: तंबू अंगणात लावू या ना आदल्या रात्री. प्लीज.

सोनू (पुणे): चालेल. जंगलात नाही, अंगणात.

परतवाड्याचे मामाजी: संत्री मी आणतो, आंबिया बहार तोडणीले आला हाय. सालं परत आणाची पण, वर फेकाची नाही.

काकू: मी दशम्या, ठेचा अन् शेंगदाण्याची चटणी बांधते. पिठलं वर नेईस्तोवर आंबते. गूळ-फुटाणे लेकरायच्या खिशात.

नागपूरची ताई: बाबा, पायी चढू दिलं नाही तर?

मोठे बाबा: म्हणून मी शुक्रवारी शहानूरले जातो. गेटवर स्वतः विचारतो: पायी चालतं का, गाईड घ्या लागते का, गेट कवा बंद होते. पायी हो म्हणाले तं सातचा प्लॅन. नाही म्हणाले तं गाडीनं वर, अन् वरच तटाच्या कडेनं दोन-तीन तास चालू, ताईच्या आईसंगं. वर पाहाले दिवस पुरत नाही. तिथल्या माणसानं नाही म्हटलं की हुज्जत घालाची नाही, सोनू.

सोनू (पुणे): नाही घालणार. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची प्रिंट काढून आणतो, पन्नास हजारांच्या प्रमाणातली. त्यावर दर 20 मीटर उंचीला एक रेघ असते. रेघा दाट तिथं चढ अंगावर येणारा. छोटूला वाचायला शिकवतो, रेंज गेली तरी कळेल आपण कुठं आहोत.

परतवाड्याचे मामाजी: शुक्रवारी मीही येतो शहानूरले. दोघायनं विचारलेलं बरं.

काकू: एक ध्यानात ठेवा, सोमवारी कापूस वेचणीच्या बाया सांगून ठेवल्या हाय. रविवारी सातच्या आत सगळे घरी पायजे.

मोठे बाबा: पाचले गाडीत बसू. एकले परत फिराचं म्हटलं ना, ते त्याच्याचसाठी.