जेवणानंतरचे दोन तास, ३८ शिक्षक आणि 'पर्यावरण': काय घेऊ?

मधल्या सुट्टीतली मॅडम

नमस्कार. नागपूरच्या उत्तरेला, शहराची हद्द संपते तिथून जवळच, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पुढच्या शिक्षण परिषदेत पर्यावरण शिक्षणावर दोन तास मी घ्यायचे, असं केंद्रप्रमुख साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. समोर ३८ शिक्षक, वेळ जेवणानंतरची. माझी पात्रता एवढीच की हरित सेनेची फाइल माझ्या कपाटात आहे.

अशी तीन प्रशिक्षणं मी स्वतः बसून काढली आहेत. शेवटच्यात ओझोनचं छिद्र, वितळणारा हिमनग आणि त्यावरचं पांढरं अस्वल होतं. बाहेर ४३ अंश, आत आम्ही कूलरसमोरच्या खुर्च्या पकडून बसलेलो. मागे 'प्लास्टिकमुक्त परिसर'चा फ्लेक्स, तोही प्लास्टिकचाच. परत येऊन त्यातलं काहीही मी वर्गात वापरलं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मागच्या महिन्यात सातवीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळं बसते. ते वीज केंद्रातलं आहे का? माझे बाबा तिथंच कामाला आहेत." सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. तो पुढचा तास अजून आलेला नाही. अशा वेळी शिक्षकानं काय करायचं, हे कोणत्या प्रशिक्षणात सांगतात?

निवृत्त विज्ञान मास्तर, महाल

ताई, भाषण देऊच नका. सगळ्यांना बाहेर काढा. सहा गट करा, प्रत्येकाला प्रयोगशाळेतला एकेक थर्मामीटर द्या. एक गट टिनाच्या शेडखाली, एक कडुनिंबाखाली, एक डांबरी रस्त्याच्या कडेला, एक वर्गात. बाकीच्या दोघांना त्यांची जागा त्यांनाच शोधू द्या. दहा मिनिटांनी आकडे फळ्यावर. नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल काही सांगायला लागत नाही, पण आपल्याच शाळेत चार पावलांवर तापमान वेगळं का, याचं उत्तर त्याला पटकन देता येत नाही. तिथून झाड, पत्रा, डांबर, बाष्पोत्सर्जन (पानांतून वाफ बाहेर पडणं) सगळं आपोआप निघतं.

दोन सूचना. थर्मामीटरच्या फुग्यावर ऊन पडू देऊ नका, नाहीतर हवेचं नाही, तापलेल्या काचेचं तापमान मोजाल. आणि ताप मोजायचा थर्मामीटर आणू नका. एकदा एप्रिलअखेर आमच्या एका सरांनी घरून तोच आणला होता. त्याची पट्टी ४२ ला संपते. उन्हात ठेवला, पारा वर टेकला, काच तडकली. उरलेला तास पारा कागदावर गोळा करण्यात गेला. धोकादायकच प्रकार, पण पारा विषारी असतो हे त्या दिवशी कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

खडू-फळा

कल्पना छान. पण काऊन करायचं सर हे सगळं? एकीकडे ऑनलाइन माहिती भरून राहिलो, दुसरीकडे बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्यूटी. त्यात वीज केंद्राबद्दल मुलांना बोलायला लावलं आणि वरून विचारणा झाली तर?

नाग-काठचा

@खडू-फळा, तुमची भीती खोटी नाही. पण एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच पर्यावरण हा सक्तीचा विषय म्हणून शिकवायला सांगितलं आहे. आपण चोरून काही करत नाही.

मॅडम, सुरुवातीला एकच प्रश्न विचारा: नाग नदी की नाग नाला? अर्ध्याहून जास्त हात नाल्याला वर होतील, शिक्षकांचेच. मीही नालाच म्हणायचो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी आलं, तेव्हापासून नदी म्हणतो. मग फळ्यावर रेघ ओढा: लाव्ह्याच्या टेकड्या, अंबाझरी, शहर, पिवळी नदीचा संगम, कन्हान, वैनगंगा, गोसीखुर्द धरण, पुढे प्राणहिता, गोदावरी. आपण सकाळी फ्लश केलेलं पाणी भंडाऱ्याकडच्या धरणात जातं, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे पाहा. तुमच्या गावचा नाला कुठं जातो ते त्याच रेघेला जोडता येईल.

राखेतला माणूस

मी २६ वर्षं अशाच एका कोळशावरच्या वीज केंद्रात ॲश हँडलिंगला, म्हणजे राख हाताळायच्या कामात काढली. त्या पोराच्या प्रश्नावरच लिहितो.

आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. ती धुरासोबत वर जाऊ नये म्हणून चिमणीच्या आधी ईएसपी, म्हणजे धुरातली राख पकडणारा संच असतो. त्यात विजेचा भार देऊन राखेचे कण पत्र्यांना चिकटवतात आणि खाली पाडतात. ती राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते. तुमच्या शाळेच्या नव्या खोलीतही असेल. तरी थोडी सुटतेच. शिवाय कोळशाची वाहतूक, साठवण, वाऱ्यानं सुकलेल्या राखतलावावरून उडणारी राख हे सगळं आहेच.

पण कपड्यांवरचं काळं तिथलंच, असं मास्तरनं सांगून टाकू नये. मोजावं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावा, चार ठिकाणी आठवडाभर ठेवा: गच्ची, रस्त्याकडची भिंत, वर्ग, आणि जिथं कचरा जाळतात तिथून जवळ. वाऱ्याची दिशा रोज मुलांनीच लिहायची. राख करडी दिसते, कोळशाची भुकटी काळी, काजळीही काळीच. कार्ड धूळ दाखवते, धुळीचा बाप दाखवत नाही, म्हणून वाऱ्याची वही महत्त्वाची.

आणि त्याच्या बाबांना वर्गात बोलवा. ते काय काम करतात, तोंडाला काय बांधतात, हे त्यांनाच सांगू द्या. कूलर कोणाच्या भरवशावर चालतो हेही निघेल. पोरानं बापाची लाज बाळगत घरी जाऊ नये, एवढं पाहा.

मधल्या सुट्टीतली मॅडम

काल परिषद झाली. भाषण शून्य. टिनाखाली ४१, कडुनिंबाखाली ३७. एका सरांनी स्वतःची मोटारसायकल उचलून झाडाखाली लावली आणि सगळे हसले. नदी-नाल्यावर मात्र भांडणच झालं, वेळ संपली तरी चालू होतं. नाला म्हणणारे २३.

पुठ्ठे आज सातवीनं लावले. त्या मुलाच्या बाबांना निरोप दिला आहे, पण या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असल्यामुळे शनिवारी सकाळी ड्यूटीवरून थेट शाळेत येतो म्हणाले. राखेतल्या भाऊ, एक विचारायचं होतं: दुपारच्या उन्हात व्हॅसलीन वितळून ओघळतंय. पुठ्ठे छज्जाखाली घेतले तर धूळ नीट बसेल का?