'निरंक', 'आढळ नाही' की आणखी काही?

वेलांटी :
पाणी आणि गाळाच्या नमुन्यांतल्या धातूंचा एक अहवाल मराठीत आणतेय. मोजमाप आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचं अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर, झालेलं आहे. तक्त्यात बऱ्याच रकान्यांत 'एनडी' (नॉट डिटेक्टेड) असं आहे, तिथे मी 'निरंक' लिहिलं. कार्यालयीन तक्त्यांत कायम हेच बघत आलेय. अहवाल तपासणारे केमिस्ट मात्र अडून बसलेत : 'निरंक' असेल तर सही करणार नाही. मला हे अतीच वाटतंय. शिवाय शीर्षकात 'ट्रेस मेटल्स'साठी शब्द हवाय. 'सूक्ष्म धातू' चालेल?

काना-मात्रा :
नको. धातू सूक्ष्म नसतो, त्याचं प्रमाण सूक्ष्म असतं. त्यातून शेतीच्या लिखाणात 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' रुळलंय. जस्त, लोह, बोरॉन ही पिकाला हवीच असतात. तुमच्या तक्त्यात शिसं आणि कॅडमियम असणार. वाचणाऱ्याला वाटेल, बरंच झालं की! 'लेशधातू' म्हणा. लवलेशमधला लेश. त्यातला 'लव' म्हणजे कापलेला बारीक तुकडा, धातू 'लू', कापणे. (हा धातू व्याकरणातला, हे सांगणे न लगे.)

धोंडोपंत :
घाईत वाचणारा 'क्लेशधातू' वाचेल. 'अत्यल्प प्रमाणातील धातू' म्हणा की सरळ. शब्द लांबला म्हणून काही बिघडत नाही.

आर्गॉनवाला :
मी याच यंत्रावर काम करतो. वेलांटीताई, तुमचे केमिस्ट मी नव्हे, पण सही मीही केली नसती.

यंत्राला शून्य दिसतच नाही. नमुना न घालता नुसतं अतिशुद्ध पाणी आणि थोडं नायट्रिक आम्ल दिलं, तरी शिशाच्या जागी काही ना काही मोजलं जातंच. आम्लातून येतं, नळीतून येतं, धुळीतून येतं. असं कोरं द्रावण पुन्हा पुन्हा मोजायचं, आकडे किती वरखाली होतात त्याचं प्रमाण विचलन काढायचं, आणि ढोबळ मानाने त्याच्या तिप्पट ती आमची शोधसीमा. त्याखाली आलेला आकडा शिशाचा की यंत्राच्या कुरकुरीचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. 'निरंक' म्हटलं की मात्र तुम्ही नमुन्यात शिसं नाही अशी ग्वाही देऊन बसता. आम्ही '<0.5' असं लिहितो, म्हणजे लिटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. शब्दच हवा असेल तर 'आढळ नाही' लिहा आणि शेजारी सीमा द्या. सीमेशिवाय त्या दोन शब्दांना काडीची किंमत नाही.

वेलांटी :
पण निर् अधिक अंक, म्हणजे अंक नाही. रकान्यात अंक नाहीच आहे ना? मग शब्द चुकला कुठे?

धोंडोपंत :
व्युत्पत्तीने नाही चुकला, वापराने चुकला. 'प्राप्त तक्रारी : निरंक' म्हणजे एकही तक्रार आली नाही. 'आमच्या चष्म्यातून दिसली नाही' असा अर्थ कुणी घेत नाही.

उपरा :
काही कार्यालयांत दुसराच अर्थ खरा असतो, पंत.

काना-मात्रा :
अहवालात आयसीपी-एमएस असंच ठेवणार का? 'प्रवर्तनी युग्मित आयनद्रायू द्रव्यमान वर्णपटमापन' असं लिहिता येईल. प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तप्त वायूला, 'आयनद्रायू' मराठी विश्वकोशातच आहे. द्रव आणि वायू मिळून द्रायू. इतका नेमका शब्द पडून राहतो आणि आपण प्लाझ्मा प्लाझ्मा करत बसतो.

आर्गॉनवाला :
काना-मात्रा, तीन एकात एक क्वार्ट्‌झच्या नळ्या, त्यांतून वाहणारा आर्गॉन, भोवती 27 मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारं वेटोळं. ठिणगी पडली की आत 6000 ते 10000 केल्विनचा पांढराशुभ्र झोत उभा राहतो आणि आम्ही म्हणतो, 'प्लाझ्मा लागला.' 'आयनद्रायू लागला' म्हटलं तर शेजारचा विचारेल, कुठे लागला, मलम आणू का?

आणि 'द्रव्यमान' का? शाळेत 'वस्तुमान' शिकवतात.

काना-मात्रा :
कारण विश्वकोशात द्रव्यमान आहे.

आर्गॉनवाला :
दोन्ही अपुरे. यंत्र वस्तुमान भागिले विद्युतभार मोजतं. बेरियम 138 चे दोन इलेक्ट्रॉन गेले की तो 69 वर उगवतो आणि गॅलियम म्हणून मोजला जातो. हे तुमच्या शब्दात कुठे आलं?

धोंडोपंत :
सगळं शब्दातच यायला हवं असेल तर शब्द कशाला, थेट पुस्तकच लिहा.

पोथीवाला :
तक्त्यात 'आर्सेनिक' असेलच. त्याला 'सोमल' हा खणखणीत मराठी शब्द असताना उसना शब्द का?

आर्गॉनवाला :
सोमल म्हणजे आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड. पिवळा सल्फाइड तो हरताळ, तांबडा तो मनशीळ. आम्ही मोजतो ते मूलद्रव्य. ते मुळात कुठल्या रूपात होतं हे प्लाझ्मातून गेल्यावर कळत नाही, सगळ्याची अणूपर्यंत मोडतोड झालेली असते. 'सोमल' लिहिलंत तर जे कळलेलंच नाही ते लिहिलंत.

तसंही आर्सेनिक हा त्रासदायक प्राणी. त्याचं स्थिर समस्थानिक (आयसोटोप) एकच, वस्तुमानांक 75. गाळ विरघळवायला आम्लराज वापरलं की त्यातला क्लोरीन 35 प्लाझ्मातल्या आर्गॉन 40 ला चिकटतो आणि बेरीज नेमकी 75! नमुन्यात नसलेलं आर्सेनिक तक्त्यात येतं. म्हणून वाटेत हेलियम भरलेली कोठडी असते. आर्गॉन-क्लोरीनची जोडी अंगाने मोठी, हेलियमला जास्त धडकते, वेग गमावते आणि गाळली जाते.

उपरा :
म्हणजे एका रकान्यात असून दिसत नाही, दुसऱ्यात नसून दिसतं. यासाठी शब्द काढा.

धोंडोपंत :
'जड धातू'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? शीर्षकात तोच घुसवतात लोक. 2002 साली आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियतकालिकात या संज्ञेला सरळ निरर्थक ठरवणारा अहवाल आला होता. घनता, अणुभार, विषारीपणा, ज्याला जे सोयीचं ते 'जड'. आर्सेनिक तर पुरता धातूही नाही. आणि मराठीत 'जड' म्हणजे अचेतनही, त्या हिशेबाने सगळेच धातू जड.

काना-मात्रा :
म्हणूनच म्हणते, लेशधातू.

पोथीवाला :
हरताळाचा विषय निघालाच आहे तर. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं.

उपरा :
आणि बंद पुकारतात तो हरताळ?

काना-मात्रा :
तो वेगळा. हाट आणि ताळं, बाजाराला कुलूप. गुजरातीतून आला.

पोथीवाला :
मला एवढं सहज वेगळं वाटत नाही. दोन्हीकडे चालू काम पुसलंच जातं ना?

काना-मात्रा :
ध्वनी जुळले म्हणून शब्द सोयरे होत नाहीत. आधार द्या.

पोथीवाला :
आधार शोधतो. तोवर आर्गॉनवाले, एक सांगा. माझ्याकडच्या एका पोथीवर असे पिवळे डाग आहेत. ते खरंच हरताळाचे की नुसता पिवळा रंग, हे तुमचं यंत्र सांगेल का?

आर्गॉनवाला :
आर्सेनिक आहे की नाही ते चुटकीसरशी सांगेल. डागाचा कपटा कापून आम्लात विरघळवावा लागेल, इतकंच.

पोथीवाला :
हात लावून बघा पोथीला.