तास सगळ्यांचे सारखे, तरी कार्यभार सारखा नाही. शीटमध्ये कसे बसवावे?

पळसबन:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याच्या ठिकाणचे अनुदानित महाविद्यालय, कला-वाणिज्य-विज्ञान, अमरावती विद्यापीठाशी संलग्न. नियमित अध्यापक १७. सीएचबीचे (तासिका तत्त्वावरचे) ९ लागतात, पण त्यांच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावरच होतात. आजवर प्रत्येक विभागप्रमुख कागदावर कार्यभार लिहून द्यायचे. यंदापासून ते एकत्र आणि संगणकावर करायचे ठरले आहे. विकतचे सॉफ्टवेअर घ्यायला पैसा नाही, आणि दुपारनंतर नेटचा भरवसा नाही.

अडचण अशी की कागदावर सगळे सहायक प्राध्यापक १६ तासांवर येतात. पण मराठीच्या मॅडमकडे १२० मुलांचा वर्ग, दुसरीकडे पदव्युत्तरला ८ मुले. एकाकडे रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना), एकाकडे आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष), कुणाकडे काहीच नाही. शिवाय नव्या अभ्यासक्रमामुळे काहींना सहा-सहा वेगळे पेपर आले आहेत.

विचारायचे ते हे: फेट नावाचे मोफत वेळापत्रक सॉफ्टवेअर यासाठी पुरेल का? आणि शिकवण्यापलीकडची कामे तासांत मोजायची तर कशी?

तासिकावही:
सर, फेट चांगलेच आहे, पण ते दुसऱ्या टप्प्याचे काम करते. कोण, कोणाला, काय, किती तास शिकवणार हे तुम्ही त्याला सांगायचे. ते फक्त कधी आणि कुठे ते ठरवते. अन्याय होतो तो त्याआधीच्या टप्प्यात, वाटपात. तो टप्पा एका साध्या शीटमध्ये उरकतो.

आधी एक पक्के करा: दोन वेगवेगळ्या वह्या. पहिली उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला दाखवायची, नियमाप्रमाणे प्रत्यक्ष अध्यापनाची. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत आठवड्याला किमान ४० तास, वर्षाला ३० आठवडे. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४. या वहीत रासेयो, नॅक (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे काम), समित्या काही घालू नका. घातले की कार्यभार तपासणीत आकडे जुळत नाहीत, आणि पद धोक्यात येते ते वेगळेच. दुसरी वही घरची: ४० तासांचे काय होते ते दाखवणारी. भांडणे सुटतात ती दुसऱ्या वहीत.

शीटमध्ये पाच पाने पुरतात: अध्यापक, पेपर, वाटप, इतर कामे, गुणक (कोणत्या कामाला किती वेळ धरायचा ते). वाटपाच्या पानावर एका ओळीत एकच गोष्ट हवी: अध्यापकाचा संकेतांक, पेपरचा संकेतांक, गट क्रमांक, आठवड्याची मिनिटे, केव्हापासून, केव्हापर्यंत. तास नाही, मिनिटे लिहा. आपल्याकडे निम्म्या महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची, नियमातला तास ६० चा. १६ तास म्हणजे ९६० मिनिटे, म्हणजे ४८ च्या २० तासिका. हा फरक कुठे लिहिलेला नसला की १६ तासिका घेणारा आणि २० घेणारा दोघेही "पूर्ण कार्यभार" म्हणतात. क्रेडिटचेही तेच. थिअरीचे १ क्रेडिट म्हणजे १५ तास, ९०० मिनिटे. ४८ च्या हिशेबाने १८ तासिका पुरत नाहीत, १९ लागतात.

गट क्रमांक विसरू नका. ओपन इलेक्टिव्हला बीए, बीकॉम, बीएस्सीची मुले एकाच वर्गात बसतात. तीन विभागांनी तीन ओळी पाठवल्या की एकाच तासाचे तीन तास होतात. एका गट क्रमांकाची मिनिटे एकदाच मोजायची.

वऱ्हाडी_गणित:
राजेहो, गुणकावर तुम्ही सहा महिने भांडान, म्हणून आधी हिशेब पाहा.

वर्षाचे ४० × ३० = १२०० तास. त्यातून सहायक प्राध्यापकाचे अध्यापन १६ × ३० = ४८० गेले. उरले ७२०. एका सत्राचे ३६०. तयारी, तपासणी, समित्या, संशोधन सारे या ३६० मध्ये बसले पाहिजे. म्हणून प्रत्येक कामाला गुण नाही, तास द्या. "५ गुण" म्हटले की कुणालाच काही समजत नाही. "सत्राला ६० तास" म्हटले की लगेच कुणी तरी विचारते, कशाचे ६०? तोच प्रश्न यायला पाहिजे.

तयारी: पेपर पहिल्यांदा शिकवत असाल तर तासाला १ तास, आधी शिकवला असेल तर अर्धा, त्याच पेपरची दुसरी तुकडी असेल तर शून्य. १६ तास सगळे नवे असले तर आठवड्याला १६ तास तयारी, सगळे जुने असले तर ८. सहा वेगळ्या पेपरवाल्याचे दुखणे इथे आपोआप दिसते, वेगळी सवलत मागावी लागत नाही.

तपासणी: मुलांची संख्या × मिनिटे × चाचण्या. १२० मुले, १० मिनिटे, दोन चाचण्या म्हणजे ४० तास. पदव्युत्तरची ८ मुले, २० मिनिटे, दोन चाचण्या म्हणजे ५ तास २० मिनिटे. दोघांचा तास वर्गात ६० मिनिटांचाच, पण सत्रात ३४ तास ४० मिनिटांचा फरक, म्हणजे १५ आठवड्यांत दर आठवड्याला सव्वादोन तासांहून थोडा जास्त. मुलांची संख्या मंजूर प्रवेशाची नका घेऊ. परीक्षा अर्ज भरलेल्यांची घ्या. कापूस वेचणीत वर्ग रिकामा दिसला तरी उत्तरपत्रिका सगळ्यांच्याच येतात.

रासेयो: एका युनिटला १०० स्वयंसेवक, वर्षाला १२० तास नियमित काम, सात दिवसांचे शिबिर. शिबिराचे दिवसाला ८ तास धरले तर ५६, कागदपत्रांचे २४, मिळून वर्षाला २०० तास. शिबिर निवासी आहे म्हणून २४ तासांचा दिवस धरा असे कुणी म्हणेल, त्यात पडू नका. सगळ्यांचा दिवस ८ चाच.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याला मानधन मिळते. माझ्या मते ते शून्य धरा, नाही तर एकाच कामाचे दोनदा मिळते.

सिरोंचा_रोड:
शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. तपासणीचे मानधन मिळते हे खरे, पण आमच्या बाजूला केंद्रीय मूल्यांकनासाठी गडचिरोलीला जायचे म्हणजे सिरोंच्याहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. उत्तरपत्रिका शून्य धरा, पण गेलेला दिवस कर्तव्य म्हणून नोंदवा, आणि त्या दिवशी बुडालेल्या तासिका कुणी घेतल्या तेही.

आता शीटमध्ये खरोखर काय बिघडते ते. सूत्रे बिघडत नाहीत, नावे बिघडतात. "देशमुख सर", "प्रा. देशमुख", "देशमुख " (शेवटी मोकळी जागा) हे शीटच्या लेखी तीन अध्यापक, आणि बेरीज तिघांत वाटली जाते. म्हणून नाव फक्त अध्यापकाच्या पानावर, बाकी सगळीकडे ए०१, ए०२ असा संकेतांक, तोही यादीतून निवडायचा, हाताने टाइप करायचा नाही. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून नावे चिकटवली की अक्षरांचा कचरा होतो; आधी युनिकोडमध्ये करून घ्या. आणि मराठी कीबोर्डवरून १६ असा आकडा टाकला तर बहुतेक वेळा शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. चूक दाखवत नाही, गुपचूप कमी मोजते. आकड्यांच्या रकान्यांना "फक्त संख्या" असे बंधन घाला आणि टाइप करताना इंग्रजी अंक वापरा. छापताना मराठी अंक दाखवता येतात.

वाटप पक्के झाले की फेटकडे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर नेटशिवाय चालते. अ‍ॅक्टिव्हिटीची (म्हणजे कोण, कोणाला, काय शिकवणार त्या नोंदींची) फाईल सीएसव्हीमधून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) आत घेता येते. एक्सेलमधून जतन करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा, नाही तर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. एकत्र वर्ग असेल तर विद्यार्थी गटांची नावे अधिक चिन्हाने जोडतात, बीए१ + बीकॉम१ अशी, आणि ती एकच अ‍ॅक्टिव्हिटी राहते. म्हणून कुठल्याही नावात अधिक चिन्ह असू नये. आठवड्याला तीन तासिका असतील तर एकूण ३ आणि विभागणी १+१+१; प्रात्यक्षिक सलग हवे तर विभागणी नुसती २. तासिकांमधल्या दिवसांच्या अंतराचे वजन (ती अट किती सक्तीची ते) मुळात ९५ टक्के असते, ते तसेच राहू द्या.

जिथे अडते ते असे: पहिल्याच फेरीत सगळ्या मागण्या १०० टक्के वजनाने भरतात. अमुक सरांना सोमवार सकाळ नको, तमुक मॅडमना सलग दोन नको, चारची एसटी गाठायची म्हणून शेवटची तासिका कुणालाच नको. फेट थांबते आणि कुठली अ‍ॅक्टिव्हिटी बसली नाही ते दाखवते, पण दोष बहुतेकदा त्या अ‍ॅक्टिव्हिटीचा नसतो, तिच्या आधी भरलेल्या मागण्यांचा असतो. आधी फक्त खोल्या, प्रयोगशाळा आणि मुलांच्या बसची वेळ घाला, वेळापत्रक तयार होऊ द्या. मग अध्यापकांच्या मागण्या एकेक करून. पहिली आणि शेवटची तासिका कुणाला किती आल्या ते घरच्या वहीत एका रकान्यात मोजा. तासांइतकीच त्यावरूनही धुसफूस होते.

पळसबन:
आभार. दोन शंका राहिल्या. रासेयोचे २०० तास धरले तर त्या सरांचे वर्गातले तास कमी करायचे का? आणि सीएचबी येईपर्यंत त्यांचे तास कोणाच्या नावावर दाखवायचे?

तासिकावही:
वर्गातले तास कमी करू नका, पहिल्या वहीत १६ ला हात लावायचा नाही. भरपाई उरलेल्या ३६० मधून: रासेयोवाल्यांना परीक्षा समिती नाही, नवा पेपर नाही, मोठा वर्ग नाही. वाटपाच्या बैठकीत रासेयो, आयक्यूएसी, परीक्षा आणि मोठे वर्ग ही चार ओझी आधी मांडायची, पेपर नंतर. उलट क्रमाने केले की विभागप्रमुख हवे ते पेपर आधीच उचलून बसलेले असतात.

घरच्या वहीत एकूण तास तुलना करू नका, टक्के करा: दिलेले तास भागिले उपलब्ध तास. कुणी सत्रातले ५ आठवडे रजेवर असेल तर त्याचे उपलब्ध तास ६०० नाही, ४००. ९० ते ११० टक्क्यांत सगळे आले की बस, ९८ आणि १०२ वर वाद घालण्यात अर्थ नाही. रजेचे कारण मात्र सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर लिहू नका, फक्त आठवडे.

वऱ्हाडी_गणित:
सीएचबीसाठी खोटा माणूस तयार करा: आर०१, आर०२ असे नऊ रिकामे संकेतांक. त्यांचे तास त्यांच्याच नावावर राहू द्या, फेटमध्येही तसेच. नियमित अध्यापक तेवढ्यापुरते घेत असेल तर वाटपात वेगळी ओळ, "बदली" असा शेरा आणि केव्हापासून-केव्हापर्यंत तारखा. सीएचबी रुजू झाला की बदलीची ओळ त्या तारखेला बंद, आणि रिकाम्या संकेतांकासमोर त्याचे नाव. वेळापत्रक पुन्हा काढावे लागत नाही, दारावर लावलेला कागदही तोच.

तारखा हव्यात याचे कारण कॅस, म्हणजे अध्यापकांच्या पदोन्नतीची योजना. २०१८ च्या विनियमांत अध्यापनाची श्रेणी घेतलेले तास भागिले नेमून दिलेले तास अशी काढतात. ८० टक्के आणि वर "चांगले", ७० ते ८० "समाधानकारक". बदलीचे तास नेमून दिलेल्यांत मिसळले आणि पुढे बंद केले नाहीत तर भाजक फुगतो. २० तासिकांचा माणूस कागदावर २६ चा होतो आणि आपल्या सगळ्या २० घेऊनही ७७ टक्क्यांवर येतो. ज्याने मदत केली त्याचीच श्रेणी घसरते, काहून तं तारीख लिहिली नाही.

त्याच विनियमांत इतर कामांत "चांगले" यायला किमान ३ प्रकारच्या कामांत सहभाग लागतो. म्हणून इतर कामांच्या पानावर तासांसोबत प्रकारही लिहा. काही जण नऊ समित्यांत असतात, पण सगळ्या एकाच प्रकारच्या.

सिरोंचा_रोड:
नेटबद्दल: मूळ फाईल एकाच संगणकावर ठेवा, लिब्रेऑफिसमध्ये, आणि ती बदलणारी माणसे दोनच. गूगल शीटवर फक्त वाचण्यासाठीची प्रत, दर शनिवारी चढवायची. सगळ्यांना लिहिता येणारी एकच शीट ठेवली तर नेट गेलेल्या दुपारी दोघे आपापल्या प्रतीत बदल करतात आणि कुठली खरी ते कळत नाही. गुणकांचे पान महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवून मंजूर करून घ्या आणि सत्राच्या मधे बदलू नका, फक्त पुढच्या सत्रासाठी सूचना घ्या. सूचनांसाठी त्याच पानावर एक रकाना मोकळा सोडा.