खूनकथा, बालकथा आणि महेश्वरचा इतिहास: तिन्हींवर एकच नाव घालावं का?

छत्रीबागकर: तीन हस्तलिखितं जवळपास तयार आहेत. एक खुनाच्या तपासाची कादंबरी, एक सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टी, आणि एक अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वरवर माहितीपर पुस्तक. तिन्हींवर एकच नाव असावं की टोपणनाव घ्यावं? शिवाय एकाचा सूर दुसऱ्यात शिरतोय. वाचून पाहणारे म्हणतात, कादंबरीतला फौजदार व्याख्यान देतो. जुळणी आणि छपाई इंदूरलाच करायची आहे.

रावजीबाजार: आपल्याकडे दोन्ही रिवाज आहेत. शिरवाडकरांची कविता 'कुसुमाग्रज' या नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर म्हणून. गडकऱ्यांची तर तीन नावं: कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकांना खरं नाव. उलट रत्नाकर मतकरींनी गूढकथा आणि बालनाट्यं एकाच नावानं लिहिली आणि कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे प्रकार बदलला की नाव बदललंच पाहिजे असं काही नाही. एवढंच बघा: एक पुस्तक आवडलेला वाचक निव्वळ नाव पाहून दुसरं उचलेल, तेव्हा तो फसेल का? बालकथांवरचं नाव पाहून एखादी आई मुलासाठी तुमची खूनकथा घेऊन गेली तर फसेल. म्हणून कादंबरीला टोपणनाव, बाकी दोन्हींना खरं. इतिहासाला तर खरंच हवं, आधार कुणाला विचारायचा हे वाचकाला कळलं पाहिजे.

करारात पॅनवरचं नाव घाला आणि पुढे 'ऊर्फ' लावून टोपणनाव. धनादेश नुसत्या टोपणनावानं निघाला तर खात्यात जमा होताना अडतो. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. टोपणनावाच्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, त्या मुदतीत खरा लेखक उघड झाला तर मृत्यूनंतर 60. आणि 'लेखकाचं पुढचं पुस्तक आधी आम्हाला दाखवावं' हे कलम दिसलं तर खोडा, किंवा 'याच प्रकारातलं' असा शब्द घाला. नाहीतर बालकथांचा प्रकाशक तुमचा इतिहास अडवून बसेल.

बोरूबहाद्दर: फौजदाराचं दुखणं टिपणवहीत आहे. एकाच वहीतून दोन पुस्तकं लिहिली की वहीतला क्रमच पानावर उतरतो. कादंबरीतला प्रत्येक माहितीचा परिच्छेद रंगवून काढा. ही माहिती या पात्राला आत्ता कशाला हवी? उत्तर सुचलं नाही तर परिच्छेद काढा. सुचलं, तर दुसऱ्या कुणाला तीच गोष्ट चुकीची ठाऊक असू द्या, म्हणजे व्याख्यानाचा वाद होतो. सुगाव्याची जागाही उलटी असते. माहितीपर लेखनात मुद्दा परिच्छेदाच्या तोंडाशी येतो, रहस्यकथेत सुगावा चार वस्तूंच्या यादीत मधोमध दडवायचा आणि लगेच पुढे लक्ष दुसरीकडे ओढायचं.

खरी धास्ती उलट्या गळतीची, कादंबरीचा सूर इतिहासात शिरण्याची. महेश्वरच्या पुस्तकात अहिल्याबाईंच्या तोंडी जे वाक्य घालाल ते पत्रात नसेल तर अवतरणचिन्ह नको, आणि 'त्यांच्या मनात आलं' हेही नको. तारखांना जपा. शकात 78 मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष, मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास सुरू होतो: डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, पुढे 600. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. पानिपत जानेवारीतलं, म्हणून 600 मिळवून 1761. सरसकट एकच आकडा धरला की वर्ष चुकतं, म्हणून टिपणात मूळ मिती तशीच ठेवून शेजारी इसवी सन लिहा.

मुलांच्या गोष्टी मोठ्यानं वाचा, दम लागेल तिथे वाक्य तोडा. बस.

खिळेजुळारी: इंदूरला बहुतेक जुळणीवाले हिंदीचे, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. युनिकोडमधून कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये नेलं की ऱ्य, ऱ्ह मोडतात, 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होतं आणि स्वयंपाकी एकदम शंकराचार्यांच्या पंगतीला जाऊन बसतो. फाईल युनिकोडमध्येच ठेवायला सांगा. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर जोडाक्षरं सुटतात. ल आणि श मराठी वळणाचे हवेत तर तशी सोय असलेला फॉन्ट घ्या आणि भाषा मराठी निवडा. टंकताना ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा. काही कीबोर्ड र आणि अदृश्य जोडचिन्हातून तेच रूप काढतात, ते चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळतं. मुद्रितशोधन मराठी माणसाकडूनच. बालकथा 16 पॉइंटच्या खाली नको, पानं 16 च्या पटीत.

छत्रीबागकर: आभार. टोपणनावाच्या पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, वेगळ्या खात्यातून घ्यावा लागतो का?

रावजीबाजार: नाही. तो प्रकाशकाला मिळतो, लेखकाच्या नावाशी बांधलेला नसतो. स्वतः छापणार असाल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे अर्ज करा, फी नाही. कागदी बांधणी, पक्की बांधणी, ई-बुक प्रत्येकाला वेगळा क्रमांक. मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो.